शेड्याची गंजी आणि माझी ताडपत्री

लोखंडी सळई गंजीत तिरपी खुपसायची, घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबायचं, बाहेर काढायची आणि आत गेलेलं टोक मुठीत धरायचं. सावकाश वीस आकडे मोजून होईपर्यंत धरता आलं तर गंजी शांत आहे. त्याआधी हात सुटला तर संध्याकाळी पुन्हा बघायचं. धरताच सुटला तर अग्निशमन दलाला फोन करायचा आणि ते येईपर्यंत गंजीवर कुणीही चढायचं नाही.

माझ्या वहीत हे असंच लिहिलेलं आहे. तीन वर्षांपूर्वीही लिहिलेलं होतं. तरी एक बाई गंजीवर चढली आणि तिला मी चढू दिलं. अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा असं सांगितलं गेलं तेव्हा मी सवयीप्रमाणे यादी केली. अठरा आठवणी निघाल्या. त्यातल्या सतरा कुठेही सांगता येतात, चहा पिताना सांगून झालेल्याही आहेत. ही अठरावी.

मी बोईसरच्या पूर्वेला, चिल्हारकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका गवताच्या वखारीची व्यवस्थापक आहे. माहेर चिंचणीचं, घरात होडी. आमच्यात मुलींनी मासळी विकावी नाहीतर शिकून नोकरी करावी. मी दोन्ही सोडून गवत विकते म्हणून आईनं शेवटपर्यंत कपाळाला हात लावला. वखारीत हिशेब लिहायला म्हणून आले आणि आबा, म्हणजे आमचे मालक, थकले तशी वखारच माझ्याकडे आली.

धंदा समजायला सोपा आहे. पावसाळ्यात आमच्याकडच्या डोंगरउतारांवर कमरेएवढं गवत वाढतं. दसऱ्यानंतर ते पिवळं पडतं, पाडे विळे घेऊन बाहेर पडतात, कापतात, दोनतीन दिवस उन्हात पसरतात. मग लाकडी पेटीत दाबून तारेनं आवळून गठ्ठे करायचे, वखारीत आणायचे, रचायचे. रचलेल्या ढिगाला गंजी म्हणतात. उरलेले आठ महिने हे गवत वसई-नायगावपासून मुंबईपर्यंतच्या तबेल्यांत जातं. शहरातल्या चहात जे दूध पडतं, त्यातलं थोडं तरी आमच्या डोंगरावरून गेलेलं असतं.

गवत म्हणजे गवत, असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं. कुसळीची टोकं जनावरांच्या तोंडात रुततात, बांधावरचं गवत मऊ पण लवकर कुजतं. सगळ्यांत वरच्या प्रतीचा तो शेडा. बारीक, ताठ, जून झाला की तांबूस-सोनेरी. आणि तो पेरावा लागत नाही. आमच्याकडे पाऊस चार महिने धो धो आणि नंतर आठ महिने थेंब नाही. उतारावर माती वीतभर, खाली मुरूम. एप्रिलमध्ये तिथे पाय ठेवला तर चप्पल तापते. तिथे शेडा वरून मेल्यासारखा वाळून उभा राहतो आणि बुडाशी जिवंत असतो. पहिल्या पावसानंतर आठ दिवसांत हिरवा.

तो कसा जगतो हे मी एका फोडलेल्या डोंगरात पाहिलं. उंबरपाड्याच्या शेजारची टेकडी भरावाच्या मुरुमासाठी कापली होती. कापलेल्या उभ्या कडेवर शेड्याच्या मुळ्या लोंबत होत्या. मुरमाच्या फटीत शिरलेल्या, माझ्या हातापेक्षा लांब. वरती गवत अर्ध्या पुरुषाएवढं आणि खाली त्याहून जास्त. पावसाचं पाणी त्या मुळ्यांच्या वाटेनं आत जातं, माती धरून ठेवतात त्याही मुळ्याच. ती टेकडी कापल्यावर पहिल्याच पावसात चिखल खालच्या भातखाचरांत उतरला आणि पुढच्या उन्हाळ्यात तिच्या पायथ्याची विहीर मार्चमध्येच खरवडायची वेळ आली.

उंबरपाड्याचा स्वतःचा उतार मात्र अजून शाबूत होता. सामूहिक वनहक्कात पाड्याच्या नावावर आलेला. मुरुमाच्या ठेकेदाराचा माणूस दर महिन्याला पाड्यावर येऊन बसायचा. उतार द्या, रस्ता करून देतो, देऊळ बांधून देतो. पाड्यात दोन तट पडले होते. तेव्हा मी लाडकीला म्हटलं, एक वर्ष माझ्या पद्धतीनं राखून बघा.

लाडकी उंबरपाड्याच्या कापणीवाल्यांची मुकादम. चाळिशीची, काटकुळी, जिभेनं माझ्याहून धारदार. तिचा सासरा सुकऱ्या पाड्यातला जाणता. आधी ही मंडळी गवत घाईत, बी पडायच्या आतच कापायची आणि फाल्गुनात उरलेला उतार पेटवून द्यायची. बी न पडता कापलं आणि वर जाळलं की शेडा हटतो, कुसळी आणि रानमोडीचं तण येतं. माझी पद्धत एवढीच: बी गळेपर्यंत थांबायचं, गुरं सोडायची नाहीत, जाळायचं नाही. उशिरा कापलेलं गवत मी वखारीत वेगळं रचेन, चांगला शेडा म्हणून वेगळं विकेन, आणि विकलं जाईपर्यंत ते पाड्याचंच राहील.

"आणि नाय विकलं गेलं तं?" सुकऱ्यानं विचारलं होतं.

"तर मग उतार कुणाला द्यायचा ते तुम्ही ठरवा. मी मध्ये येणार नाही."

हे मी बोलले. लेखी नव्हतं, पण पाड्यावर बोललेलं लेखीपेक्षा पक्कं. म्हणजे त्या वर्षी माझ्या आवारात जी गंजी उभी राहिली, ती गवताची नव्हती. तो अख्खा उतार होता.

पाड्यानं पावसाळाभर राखण केली. दसऱ्यानंतर कापणी झाली. शेडा असा आला होता की पंचवीस वर्षांत मी तसा पाहिला नव्हता. आणि कापलेलं गवत रांगांत पसरलेलं असताना एका संध्याकाळी तासभर पाऊस पडला.

दोन दिवस ऊन दिलं. मी स्वतः उतारावर जाऊन काड्या पिळून पाहिल्या. सुकलेली काडी कट्‌कन मोडते; मोडत होती. पण शेड्याच्या काडीला पेरं असतात आणि ओल तिथे सगळ्यांत शेवटी राहते. पेराशी नख लावून बघायला हवं होतं. मला ते माहीत होतं. आकाशात पुन्हा ढग होते, वेधशाळेचा इशारा होता, पेट्या लावून माणसं खोळंबली होती. मी म्हटलं, बांधा.

गंजी उभी राहिली. लाडकीनं स्वतः रचली, गठ्ठ्यावर गठ्ठा, मध्ये वाऱ्यासाठी फटी ठेवून. आणि मग मी ती चूक केली, जी डोंगरातल्या कुणीही केली नसती.

आमच्या घरी बोंबील वलांडीवर, म्हणजे आडव्या बांबूंवर, आणि जवळा अंगणात सुकायचा. संध्याकाळ झाली की सगळं गोळा करून घट्ट झाकायचं. "दव लागला का म्हावरा गेला," हे वाक्य मी चालायला शिकायच्या आधीपासून ऐकलेलं. सुकवलेली वस्तू आणि दव यांच्यामध्ये काहीतरी घट्ट पाहिजे, हे माझ्या हाडात आहे. पावसाचा इशारा आला तशी मी बाजारातून नव्या ताडपत्र्या आणल्या आणि गंजी चारी बाजूंनी, जमिनीपर्यंत, दोऱ्या आवळून बंद केली. लाडकीनं ठेवलेल्या सगळ्या फटी मी बुजवल्या.

"बाय, तिला गुदमरायला होल," लाडकी म्हणाली.

"गवताला कसलं गुदमरायला होतंय?"

"तुला काय म्हायत. तू मासलीवाली."

आम्ही दोघी हसलो. ताडपत्री बारा दिवस तशीच राहिली. पाऊस आलाच नाही.

गठ्ठ्यातलं ओलसर गवत मेलेलं नसतं. ते श्वास घेतं, आतली बुरशी श्वास घेते, त्यातून ऊब निघते. वारा असला की ऊब निघून जाते. कोंडली की साठते, वाढते, आणि पुढे अशी वेळ येते की बाहेर काडी लावायची गरजच उरत नाही. गंजी आतून पेटते. पोटात पोकळी जळत जाते आणि वरून सगळं जसंच्या तसं दिसतं.

आमची गंजी त्या वाटेवर आहे हे मला सगळ्यांत आधी रामसूरत भैयानं सांगितलं. नायगावकडचा हा तबेलेवाला आमचं सगळ्यांत चमत्कारिक गिऱ्हाईक. गठ्ठ्यातली काडी तोंडात घालून डोळे मिटून चघळायचा. एकदा चघळून म्हणाला होता, "इसमें डीजल है." टेम्पोवाल्याच्या डब्याला खरंच भोक निघालं होतं. त्याला मी मुद्दाम शेडा दाखवायला बोलावलं होतं. बाराव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला तो आला. मी ताडपत्रीचा एक कोपरा सोडून हात घालून मूठभर गवत ओढलं. त्यानं ते तोंडात घातलं नाही. नाकाशी नेलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, ये घास कब से बुखार में है?"

"म्हणजे?"

"गुड़ की बास आ रही है. तंबाकू जैसी. सूँघो."

मी वाकले. गोड, भाजकट, काकवी आटवताना येतो तसा वास. खरं सांगायचं तर छान वास होता. ताडपत्रीच्या आतल्या बाजूला थेंब लोंबत होते.

सळई खुपसली. पंधरा मिनिटं. ती पंधरा मिनिटं मी घड्याळाकडेच बघत होते, कारण दुसरीकडे बघितलं तर पलीकडची भिंत दिसायची. आमच्या पूर्वेच्या भिंतीपलीकडे एका कंपनीचं रसायनांच्या पिंपांचं गोदाम आहे. बोईसरमध्ये राहणाऱ्याला कंपनीतला धमाका कसा ऐकू येतो हे सांगावं लागत नाही. आधी खिडक्या हलतात, मग आवाज येतो, मग सगळे घरच्यांना फोन लावतात. आणि दुपारी एकदीडला समुद्रावरून वारा सुटतो. पश्चिमेकडून पूर्वेकडे. गंजीवरून गोदामाकडे.

सळई काढली. मुठीत धरली आणि एक म्हणायच्या आत सोडली.

फोन केला. बंब यायला तास-दीड तास लागेल म्हणाले, एक गाडी दुसरीकडे गेली होती. गोदामाच्या वॉचमनला सांगितलं, त्यानं त्याच्या साहेबाला सांगितलं. मग उंबरपाड्याला फोन केला. त्यांचं गवत होतं, त्यांना सांगायलाच हवं होतं. आज वाटतं, अर्ध्या तासानं सांगितलं असतं तर.

कारण बंबाआधी लाडकी आली. टेम्पोतून, सातआठ जणांना घेऊन. गंजीला एक चक्कर मारली, ताडपत्री सोडायला लावली, मी "सगळी नको, हवा लागली तर भडकेल" म्हटल्यावर थांबली.

"कुठशी तापली?"

"मधोमध. दक्षिणेच्या अंगाला जास्त."

"मग वरशी त्या अंगाचे गठ्ठे काढू. ऊब वर येल आन् जाल. खालशी नाय उपसायची, ढासलंल."

"बंब आल्याशिवाय कुणी वर जायचं नाही."

"बंब कवा येल?"

मी घड्याळ पाहिलं. साडेदहा झाले होते. वारा सुटायला अडीच तास.

"बाय," ती हळू आवाजात म्हणाली, "वरसभर आमी राखण केली. पोरांना गुरं घेऊन दुसरीकडं धाडली. माजा सासरा म्हातारा, तो पण बसला राखणीला. ही जलाली तं तिकडं आजच मशीन लागंल. मी रचली हाय ही. कुठं पाय द्यायचा मला म्हायत हाय."

वहीत चौथी ओळ होती: बंब येईपर्यंत गंजीवर कुणीही चढायचं नाही. वही माझ्या हातात होती. मी म्हणाले, "दोर बांधून जा. शिडी आडवी टाकून तिच्यावरच उभी राहा. शिडी सोडायची नाही."

मी हे नेहमीच्या आवाजात बोलले. मला अजून तो आवाज ऐकू येतो. टेम्पोत किती गठ्ठे घालायचे हे सांगते, त्या आवाजात.

ती चढली. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक खाली तिघांच्या हातात. आडव्या शिडीवर उकिडवी बसून ती एकेक गठ्ठा हुकानं ओढून खाली ढकलू लागली. पहिले दहाबारा गठ्ठे पिवळे आले. मग तपकिरी. मग एक असा आला की जमिनीवर पडून फुटला आणि आत काळा होता, आणि आमच्या डोळ्यांदेखत त्या काळ्यावर लाल ठिपके उमटले. कुणी काडी लावली नाही, काही नाही. नुसती हवा लागली. रामसूरत भैयानं, जो अजून गेला नव्हता, त्यावर बादली ओतली.

"उतरो, बहन! उतरो अब!" तो ओरडला.

"हा येक," ती वरून म्हणाली.

तो एक गठ्ठा शिडीपासून हातभर लांब होता. तिनं एक पाय शिडीवरून खाली ठेवला. आवाज झाला नाही. पाय मांडीपर्यंत आत गेला, जसा ओहोटीला चिखलात जातो तसा, आणि त्या भोकातून पांढरा धूर सरळ वर आला. लाडकी ओरडलीही नाही. तिचं तोंड उघडं होतं आणि आवाज नव्हता. खालच्या तिघांनी दोर ओढला, ती शिडीसकट घसरत खाली आली, आणि जमिनीवर टेकल्यावर मग ओरडली.

त्याच वेळी बंब फाटकातून आत शिरला. मागून दुसराही आला. पुढचं त्यांनी केलं आणि चांगलं केलं: एका अंगानं पाणी मारत, दुसऱ्या अंगानं गठ्ठे उपसत. एकदा ज्वाळा उठली, भिंतीपेक्षा उंच. भिंतीपलीकडे माणसं पळाल्याचे आवाज आले. एक वाजायच्या आत आग बसली. वारा सुटला तेव्हा काळा चिखल, वाफ आणि बाजूला काढलेले गठ्ठे उरले होते. निम्म्याहून थोडे कमी वाचले. हे सगळं मला नंतर कळलं. मी तेव्हा लाडकीबरोबर पालघरच्या दवाखान्यात होते. नडगीपासून गुडघ्याच्या वरपर्यंत पाय भाजला होता. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण वेळ लागेल.

"हा येक म्हटलं मी," ती वाटेत पुटपुटत होती. "हा येकच व्हता."

तिसऱ्या दिवशी आबांचा फोन आला. "पाड्यावर काय म्हणतात?"

म्हणत होते ते मला कळलं होतं. राखलेलं गवतच नाट लावणारं. दरसाल उतार पेटवायचा तो पेटवला नाही, म्हणून हिरवा देव कोपला आणि त्यानं आपली आग वखारीत धाडली. उशिरा कापलेला शेडा आपोआप पेटतो, असंही एकानं सांगितलं. ठेकेदाराच्या माणसानं ते चार ठिकाणी पोचवलं. रविवारी पाड्याची सभा होती.

"म्हणू देत," आबा म्हणाले. "ताडपत्री कुणी बांधली हे कुणी विचारलंय का?"

"नाही."

"मग आपण होऊन सांगू नकोस. उद्या दुसरे पाडेही गवत देणार नाहीत. तुझ्यावर वखार आहे, विसरू नकोस."

आबा वाईट नाहीत. वखारीवर माझ्यासकट नऊ घरं जेवतात. मी शनिवारी बसून वहीत दोन बाजूंनी मुद्दे लिहिले. गप्प राहण्याच्या बाजूला सहा झाले. दुसऱ्या बाजूला एकच: गप्प राहिले तर उतार जाईल, आणि खापर देवावर फुटेल.

मी भित्री नाही असं मला वाटायचं. रविवारी उंबरपाड्याच्या चढावर मी दोनदा थांबून मागे वळून पाहिलं. आवारात पाडा बसला होता. बायका एका बाजूला. ठेकेदाराचा माणूस खुर्चीवर, पाड्यातली ती एकुलती एक खुर्ची असावी. लाडकीला खाटेवर आणून बसवलं होतं, पाय पांढऱ्या पट्टीत. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

सुकऱ्या बोलायला उभा राहणार एवढ्यात मीच उभी राहिले. न मागता.

"गवतात दोष नव्हता," मी म्हणाले. "उतारातही नव्हता. गवत पावसात भिजलं होतं. पेरं ओली होती, ती मी तपासली नाहीत. आणि गंजी मी ताडपत्रीनं बंद केली. लाडकीनं सांगितलं होतं, गुदमरेल. मी ऐकलं नाही. माझ्या घरी मासळी झाकतात, मी गवत झाकलं. आणि गंजी तापलीय हे माहीत असून लाडकीला मी वर जाऊ दिलं. ही माझी चूक आहे."

कोंबडी कुडाला चोच मारत होती. मला वाटलं, आता एखादा दगड येईल. यायला हरकतही नव्हती.

सुकऱ्या माझ्याकडे वळला.

"झाकलंस?"

"हो."

"चारी बाजूनं?"

"हो."

"शेडा म्हंजी काय बोंबील हाय काय?" तो म्हणाला, आणि बायकांतून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी कुणी. लाडकी हसली नाही.

ठेकेदाराच्या माणसानं घसा खाकरला. "देखो, मॅडमने मान लिया. नुकसान तो आपका हुआ ना? घास गया, बाई का पैर गया. हमारे यहाँ मशीन खड़ी है, कल से..."

"पाय माजा गेला," लाडकी खाटेवरून म्हणाली. "तू कशाला मोजतोस?"

त्यानं खुर्ची मागे सरकवली.

"हिच्या ताडपत्रीनं गेला," ती पुढे म्हणाली, माझ्याकडे न बघता. "डोंगरानं नाय. देवानं पण नाय. आन् थोडा माज्या हट्टानं. आता डोंगर फोडून माजा पाय बरा व्हनार हाय काय?"

त्यानंतर तासभर ते आपल्या बोलीत भांडले. मला अर्धं कळलं. दोघं तरुण उठून गेले. एक म्हातारी मला बोट दाखवून बराच वेळ काही सांगत होती. त्यातलं "मासलीवाली" तेवढं समजलं. शेवटी हात वर करायला सांगितले. मी खाली बघत बसले. मोजायची सवय आहे मला, पण ते हात मी मोजले नाहीत.

"येक वरीस," सुकऱ्यानं सांगितलं. "अजून येक वरीस राखू. गंजी आमी रचू, हितंच, डोंगराच्या पायथ्याला, लहान लहान. तुज्याकडं न्यायची ती सुकून खडखडीत झाल्यावर. आन् तू झाकायचं नाय."

"नाही झाकणार."

"पुढच्या वरसाचं पुढच्या वरसाला."

तेव्हापासून तसंच चाललं आहे. दर कार्तिकात सभा होते, दर वर्षी हात वर होतात, दर वर्षी एकच वर्ष मिळतं. वाचलेला शेडा रामसूरत भैयानं नेला, तपकिरी गठ्ठेसुद्धा. म्हशींनी खाल्ला म्हणाला, पण "इसमें ताकत जल गई है" असंही म्हणाला, आणि ते खरं आहे. लाडकी चालते, चढावर काठी घेते. आमच्यातली थट्टा परत आली, पण पहिल्यासारखी नाही. ती मला काही सुचवते तेव्हा मी उत्तर द्यायच्या आधी थांबते, आणि मी थांबले हे तिला दिसतं.

त्या रविवारी सभा उठल्यावर ठेकेदाराचा माणूस उतरताना माझ्या बाजूनं चालत होता. रागावलेला नव्हता. तेच मला जड गेलं.

"एक साल ना मॅडम?" तो म्हणाला. "कोई बात नहीं. हम रुके हैं."

त्यांचं पिवळं पोकलेन उताराच्या पायथ्याशी उभं होतं. अजून तिथेच आहे. तीन पावसाळे झाले, लोखंडी पट्ट्यांमधून शेडा वर आला आहे, फुलतो, बी टाकतो. पण दर पंधरवड्याला एक माणूस मोटरसायकलवरून येतो, वर चढतो, इंजिन चालू करतो. पाच मिनिटं चालू ठेवतो आणि बंद करून निघून जातो. मशीन गंजू नये म्हणून.